जुन्या ऑटोमॅटिक गाडीला कन्व्हर्टर कुठला घालावा? आधी पेडलखालची मॅट बघा

निपाणीच्या दादांनी विचारलंय, १९९५ ची मर्सिडीज ई २२० आहे, ऑटोमॅटिक, दोन वर्षांपूर्वी गोव्यातून घेतली, सिग्नलवरून उठतच नाही, चोर्ला घाटात तर मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि घाट चढून वर हॉटेलला थांबलं की वास येतो. कुणीतरी सांगितलं की २८०० चा हाय स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा डबा) बसव, गाडी रॉकेट होईल. तर घालू का, आणि घालायचा तर कुठला बघून घ्यायचा?

नाही ओ दादा, तो घालू नका. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल, पण मी बावीस वर्षं बेळगावात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच उघडतोय त्यामुळं या एका विषयावर माझं तोंड लवकर बंद होत नाही.

पहिलं म्हणजे हा २८०० आकडा कुठून आला ते बघा. हे आकडे अमेरिकेतल्या जुन्या व्ही-एट गाड्यांचे. तिथं ५.७ लिटरचं इंजिन, त्याला कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) बदललेला, म्हणजे खालच्या आरपीएमला इंजिन खोकतंय आणि अडीच हजारानंतर जागं होतंय. असल्या इंजिनाला खाली पकडून ठेवणारा कन्व्हर्टर लावला तर गाडी गिअरमध्ये टाकल्या टाकल्या बंदच पडेल, म्हणून तिथं सैल कन्व्हर्टर घालतात, जो इंजिनाला आधी वर जाऊ देतो आणि मग पकडतो. तिथं ते बरोबर आहे. तुमच्या गाडीत कॅम कंपनीचा, इंजिन २.२ लिटर, १५० पीएस, २१० न्यूटन मीटर. जे दुखणंच नाही त्याचं औषध कशाला घेताय.

आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे स्टॉलचा आकडा हा कन्व्हर्टरचा एकट्याचा नसतोच. स्टॉल म्हणजे काय, गाडी ब्रेकवर घट्ट धरली, डी मध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडकतं तो आकडा. आता इंजिनात जोर जास्त असेल तर ते त्याच कन्व्हर्टरला जास्त जोरात फिरवणार, जोर कमी असेल तर कमी. हिशोब साधा आहे, टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणं स्टॉल बदलतो. समजा ४०० न्यूटन मीटरच्या इंजिनामागं एखादा कन्व्हर्टर २८०० दाखवतोय. तोच तुमच्या २१० वाल्यामागं लावला तर २१० भागिले ४०० म्हणजे ०.५२५, त्याचं वर्गमूळ ०.७२ च्या वर थोडं, गुणिले २८००, आले साधारण २०३०. म्हणजे पैसे २८०० चे दिले आणि मिळालं काय तर जवळपास कंपनीच्या कन्व्हर्टरसारखंच काहीतरी. त्यामुळं विकणारा आकडा सांगायला लागला की त्याला एकच विचारायचं, कुठल्या इंजिनामागं ओ? तिथं बहुतेक जण गप्प होतात.

याच्याच उलटं पण होतं आणि ते आपल्याकडं जास्त बघायला मिळतं. जुनी गाडी, पार्ट मिळत नाही, मग स्क्रॅपमधून मोठ्या इंजिनाच्या गाडीचा कन्व्हर्टर आणायचा, नाहीतर डिझेलचा पेट्रोलला घालायचा, बसतोय ना मग झालं. बसतोय खरं, पण मोठ्या इंजिनासाठी बनवलेला कन्व्हर्टर लहान इंजिनाला फार घट्ट पडतो, इंजिन दीड हजाराच्या वर चढायच्या आधीच तो पकडून बसतो आणि गाडी ढिम्म. गोव्यातून घेतलेल्या गाडीचा आधीचा इतिहास तुम्हाला माहीत नसणार, तेव्हा बॉक्स उतरवायची वेळ आलीच तर कन्व्हर्टरवरचा नंबर फोटो काढून घ्या आणि चेसिस नंबरावरून जो लागतो त्याच्याशी ताडून बघा.

आत काय असतं ते पण दोन ओळीत सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. इंजिनाकडचं चाक तेल फेकतं, त्याला पंप म्हणायचं. गिअरबॉक्सकडचं चाक ते तेल अंगावर घेऊन फिरतं, ती टर्बाइन. आणि दोघांच्या मधे लहान चाक, स्टेटर, ते परत येणारं तेल वळवून पुन्हा पंपाच्या दिशेनं सोडतं. या स्टेटरमुळंच सुटताना टॉर्क वाढतो, जवळपास दुप्पट होतो. पण स्टेटरनं हे काम करायचं तर त्यानं एका बाजूला घट्ट अडकून राहायला पाहिजे आणि गाडी वेगात आली की दुसऱ्या बाजूला मोकळं फिरायला पाहिजे. ते काम त्याच्या आतला वन-वे क्लच करतो. आणि म्हातारा कन्व्हर्टर बहुतेक इथंच मरतो.

खानापूरच्या एका डॉक्टरांची जुनी डब्ल्यू १२३ मर्सिडीज डिझेल आली होती. दोन वर्षं ते सगळीकडं फिरले, डिझेलचा पंप कॅलिब्रेट केला, नोझल बदलले, शेवटी कुणीतरी इंजिन उघडायला सांगितलं. गाडी उठायची नाही, पण साठच्या पुढं गेली की एकदम चांगली, जणू दुसरीच गाडी. ते ऐकूनच मला वास आला. स्टॉल घेतला तर काटा दीड हजाराला पण पोचला नाही. बॉक्स उतरवला, कन्व्हर्टर टेबलावर उताणा ठेवला, हबच्या (मधल्या नळीच्या) भोकातून बोट घालून स्टेटरची स्प्लाइन, म्हणजे आतले दाते, फिरवली, तर ती डावीकडं पण फिरतेय आणि उजवीकडं पण, ताकच घुसळल्यासारखी. म्हणजे सुटताना जो दुप्पट टॉर्क मिळायचा तो मिळतच नव्हता, आणि वेगात स्टेटर तसाही मोकळाच असतो म्हणून तिथं फरक कळत नव्हता. कापून बघितला तर आतले रोलर झिजून चपटे. डॉक्टरांनी ते चार रोलर खिशात घालून नेले, म्हणाले पेशंटला दाखवायला बरं.

याच्या उलट स्टेटर दोन्हीकडं अडकून बसला तर गाडी छान उठते पण पुढं वेगच घेत नाही आणि तेल तापतं. ही दोन लक्षणं लक्षात ठेवा, हजारो रुपये वाचतात.

तर तुमच्या गाडीचा पहिला उद्योग म्हणजे स्टॉल टेस्ट. पण ही नीट करा, नाहीतर बॉक्स जाळून घ्याल. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम करा, आधी तेलाची लेव्हल बघा, इंजिन चालू ठेवून, पी मध्ये. डिपस्टिक पुसायला बनियनच्या चिंध्या वापरू नका, त्यातले तंतू आत जाऊन व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या दाबानं गिअर बदलणाऱ्या भागात, अडकतात. मग मोकळी जागा बघा, समोर भिंत नको, माणूस नको, पोरं तर अजिबात नको. पार्किंग ब्रेक दाबलेला, फूट ब्रेक पूर्ण, डी मध्ये टाका, ॲक्सिलरेटर तळापर्यंत, काटा जिथं थांबला तो वाचा आणि सोडा. पाच सेकंदाच्या वर नाही. कारण त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद फक्त तेल तापवतेय, चाकाला काहीच जात नाही. परत करायची तर दोन मिनिटं एन मध्ये चालू ठेवून तेल थंड होऊ द्या.

आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा पाच-सहाशेनं खाली आला तर एकतर स्टेटर घसरतोय नाहीतर इंजिनातच दम नाही. वर गेला तर कन्व्हर्टरचा काही संबंध नाही, बॉक्समधले क्लच किंवा बँड घसरतायत. आता इंजिनात दम नाही हे कसं ओळखायचं, तर तुमच्या मॉडेलला एक खास रोग आहे. त्या सालातल्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंग हार्नेसचं इन्सुलेशन वयानं भुगा होऊन गळतं, उघड्या तारा एकमेकीला लागतात आणि इंजिन मनाला येईल तसं वागतं. हार्नेसचं वरचं कव्हर जरा मागं सारून बोटानं दाबून बघा, करकरीत होऊन तुटलं तर कन्व्हर्टरचा विषय तिथंच संपला, आधी ते करा.

आता तुमच्या गाडीची खोड सांगतो जी निम्म्या लोकांना माहीतच नसते. हा चार गिअरचा जुना मर्सिडीज बॉक्स हलक्या पायानं सोडला तर पहिल्या गिअरमध्ये सुटतच नाही, दुसऱ्यात सुटतो. तो बिघाड नव्हे, कंपनीनंच तसं केलंय, गाडी गुळगुळीत उठावी म्हणून. पहिला पाहिजे असेल तर पाय चांगला खाली न्यावा लागतो. आणि पार तळाला ॲक्सिलरेटरच्या खाली किकडाऊनचा स्विच आहे, तो दाबला गेला की बॉक्स एक गिअर खाली टाकतो. आता बघा, आपण काय करतो, नवीन गाडी घेतली की पहिलं जाऊन जाडजूड रबरी मॅट घालतो. ती मॅट पेडलच्या खाली सरकली की पेडल तळाला पोचतच नाही, स्विच दाबला जात नाही, गाडी घाटात तिसऱ्यात नाहीतर चौथ्यात रेंगाळत बसते. माझ्याकडं अशा दोन गाड्या आल्यात, दोन्हींचं बिल शून्य. एकानं दुसऱ्या दिवशी कुंदा आणून दिला.

मॅट नसेल तर मग थ्रॉटलपासून बॉक्सला जाणारी प्रेशर केबल आणि व्हॅक्यूमची नळी. केबल ढिली असेल तर गिअर फार लवकर बदलतात, तीस-पस्तीसलाच गाडी वरच्या गिअरला जाते आणि मग अर्थातच मेल्यासारखी वाटते. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली असेल तर उलटं होतं, गिअर धक्का देऊन पडतात. हे सगळं बॉनेट उघडून अर्ध्या तासात बघून होतं.

एवढं सगळं करून पण स्टॉल कमीच येत असेल, इंजिन ठणठणीत असेल, तेव्हा कन्व्हर्टर. आणि तेव्हा माझा सल्ला कंपनीच्याच नंबरचा रिबिल्ड. फार तर दोन-तीनशे आरपीएम वर, त्यापुढं नाही. का ते तुमच्याच रस्त्यावर बघू. तुमचा टायर १९५/६५ आर १५, एक फेरा म्हणजे जवळपास दोन मीटर. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ६७० फेरे मारतं. तुमच्या बॉक्सचा चौथा गिअर सरळ एकास एक. डिफरन्शिअल समजा साडेतीनचं धरलं तर इंजिन आलं २३५० च्या आसपास. साठच्या स्पीडला १७५०. तुम्ही निपाणी-बेळगाव करता, तवंदी घाट आला, पुढं वंटमुरीचा चढ आला, म्हणजे तुमचं बरंचसं आयुष्य १७०० ते २५०० मध्ये जातं. तुमच्या इंजिनामागं खरोखर २८०० दाखवेल असा सैल कन्व्हर्टर घातला तर तो या पूर्ण पट्ट्यात घसरणार. सपाटीवर हलका पाय असेल तर टॉर्क कमी असतो त्यामुळं घसरण कमी, ते मान्य, तिथं चालून जाईल. चढ लागला, पाय खाली गेला की सुरू. आणि तुमच्या बॉक्सला लॉकअप क्लच, म्हणजे वेगात पंप आणि टर्बाइन थेट एकमेकांना जोडणारा क्लच, नाही, म्हणजे घसरण थांबवणारं आत काही नाहीच.

घसरण म्हणजे उष्णता. चोर्ल्यात चार माणसं, मागं सामान, चाळीसच्या स्पीडला चाकाला समजा वीस किलोवॅट लागतायत. कन्व्हर्टर ऐंशी टक्क्यानं चालतोय तर इंजिन पंचवीस देतंय आणि पाच किलोवॅट तेलात जातायत. बाथरूममधला इन्स्टंट गिझर तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे घाट संपेपर्यंत तुम्ही बॉक्समध्ये दीड गिझर चालू ठेवलाय. ऐंशी-नव्वद डिग्रीला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल, मजेत असतं, एकशेवीसच्या वर जायला लागलं की सील कडक होतात, तेल काळं पडतं आणि जळका वास मारतं. तुम्ही लिहिलंय की घाट चढून वर हॉटेलला थांबल्यावर वास येतो, तो आत्ताच येतोय तर सैल कन्व्हर्टर घातल्यावर काय होईल बघा. त्यापेक्षा आजपासून घाटात डी सोडा, लिव्हर ३ वर घ्या, जास्त वळणं असतील तिथं २ वर. आरपीएम वर राहतात, कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल कमी तापतं. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नका, साडेतीन हजाराला त्या इंजिनाला काही होत नाही. आणि खर्च करायची खाजच असेल तर रेडिएटरच्या पुढं एक वेगळा एटीएफ कूलर लावा, रेडिएटरमधल्या कूलरमधून निघालेलं तेल त्यातून फिरून बॉक्सला जाईल असा. हाय स्टॉलपेक्षा तुम्हाला याचा दहापट उपयोग आहे.

ज्यांच्याकडं जुनी सिटी किंवा कोरोला ऑटोमॅटिक आहे त्यांच्यासाठी एवढंच, तुमच्यात बहुतेक लॉकअप असतंय, साठ-सत्तरला रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर आधी कंपनीनं सांगितलेलंच एटीएफ घालून बघा, होंडाला तर होंडाचंच, बरेचदा तिथंच थांबतं. आणि लॉकअपवाल्या बॉक्सला बिनलॉकअपचा कन्व्हर्टर घालायच्या भानगडीत पडू नका.

रिबिल्ड कुठं करायचा, तर इथं लोक मला सांगतात की मामा, उद्यमबागेत एवढी लेथ आहेत, कापायचा, रोलर बदलायचे, वेल्ड मारायचा, त्यात काय. आपल्या उद्यमबागेतल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही हे मी पण म्हणतो, पण कन्व्हर्टरचं वेल्डिंग सोपं नाही, वेल्ड ओढला की हब वाकडा होतो. वेल्ड झाल्यावर डायल लावून हबचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघायचा, दहा-पंधरा शतांश मिलिमीटरच्या वर गेला तर तो गिअरबॉक्सच्या तेलपंपाचा बुश आणि सील खाऊन टाकतो. मग हवेच्या दाबानं पाण्यात बुडवून लीक बघायचा आणि शेवटी बॅलन्स. जो माणूस या तिन्ही गोष्टी तुमच्यासमोर करून दाखवेल त्याच्याकडं द्या, नुसता रंग मारून चकचकीत देणाऱ्याकडं नको.

आणि बसवताना दोन गोष्टी, या मी स्वतः चुकून शिकलोय. एक, जुना कन्व्हर्टर आतून झिजला असेल तर त्याचा चुरा कूलरमध्ये आणि पायपात जाऊन बसलेला असतो. सुरुवातीच्या काळात मी एकाचा कन्व्हर्टर बदलला, कूलर फ्लश केला नाही, घाई होती, लग्नाला जायची गाडी. तीन आठवड्यांनी गाडी टोइंगवर परत, नवीन कन्व्हर्टरमध्ये जुन्याचा चुरा. सगळा खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून कूलर फ्लश झाल्याशिवाय मी बॉक्सला हात लावू देत नाही.

दुसरी, कन्व्हर्टर बॉक्सवर चढवताना आत लिटरभर एटीएफ ओता आणि फिरवत फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्यानं आत बसतो, टर्बाइनची स्प्लाइन, स्टेटरची स्प्लाइन आणि शेवटी बॉक्सच्या तेलपंपाच्या खाचा. प्रत्येक वेळी टक करून आत गेल्याचं हाताला कळतं. पोरं शेवटच्या टक्‌ची वाट बघत नाहीत, बॉक्स इंजिनाला लावतात, फट राहिली की बोल्टनं ओढून घेतात, आणि पहिल्या स्टार्टला पंप फुटतो. नीट बसला असेल तर बॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावर पण कन्व्हर्टर हातानं फिरतो आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागच्या चकतीपर्यंत) साधारण एक सूत मोकळा असतो. ते सूत नसेल तर बोल्ट आवळायचे नाहीत, परत उतरवायचा. हो, आणि तुमच्या जुन्या कन्व्हर्टरला खाली ड्रेन प्लग आहे, इंजिन हातानं फिरवून तो खाली आणा म्हणजे तेल बदलताना कन्व्हर्टरमधलं पण निघतं. नुसता सम्प (बॉक्सखालचं तेलाचं पातेलं) काढून तेल बदललं तर बरंचसं जुनं आतच राहतं.

मजुरीचं म्हणाल तर खरा खर्च बॉक्स उतरवण्याचा असतो. म्हणून उतरवलाच तर पुढचं सील, पंपाचा बुश, इंजिनाचं मागचं सील हे सगळं त्याच वेळी करून घ्या, आणि फ्लेक्सप्लेटला क्रँकच्या बोल्टांजवळ बारीक चीर आहे का ते टॉर्च मारून बघा.

तर दादा, आज संध्याकाळी पहिली मॅट काढा. मग इंजिन बंद असताना कुणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा स्विच दाबला जातोय का. ते बरोबर असेल तर स्टॉल घ्या आणि काट्याचा व्हिडिओ मला पाठवा, तेल गरम होतं का आणि लेव्हल किती होती हे पण लिहा. आणि त्या २८०० वाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच मागून घ्या.